पाच नंबरचं टेबल

१

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता एक माणूस बगलेत फाईल धरून आमच्या कारखान्याच्या दारात उभा राहिला आणि जी जागा रिकामीच नव्हती तिच्यासाठी त्याने अर्ज पुढे केला. त्यात दैव असं, की दारात त्याला भेटले ते नेमके त्या जागेवर बसणारे मिस्त्री.

"कुणाकडे काम आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"मालकांकडे. ते जाड चष्म्याचे म्हातारे मिस्त्री जाणार आहेत ना, त्यांच्या जागेसाठी आलोय."

सहा बर्नर सुरू होते, तरी हे वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. मिस्त्रींनी त्याच्या हातातला कागद घेतला, लांब धरला, मग नाकाशी नेला आणि शेवटी शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे दिला.

"वाच रे."

मी वाचला, आणि तोही मोठ्याने. कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचायचा ही माझी तीस वर्षांची खोड. "आपल्याकडील पाच क्रमांकाच्या टेबलावरील कारागिराची जागा लवकरच रिकामी होत असल्याचे खात्रीने समजले आहे..." त्यापुढे अनुभव, पत्ता आणि सही. वाचून झाल्यावर लक्षात आलं, की एकेक करून बर्नर मंद झाले होते आणि सगळे ऐकत होते.

मिस्त्रींनी कपाळावर चढवलेला, ज्योतीपुढे घालायचा जांभळा चष्मा उतरवला, रुमालात गुंडाळला, आपल्या टेबलाशी जाऊन ज्योत बंद केली आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेले. तीस वर्षांत जेवणाच्या सुट्टीआधी त्यांचा बर्नर बंद झालेला मी पाहिला नव्हता.

अर्जवाला बिचारा पस्तिशीतला माणूस. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं. "मला माहीत नव्हतं हो तेच म्हणून," असं दोनदा म्हणाला. बातमी कुणी दिली विचारलं तर मान खाली घातली. "नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय."

आता आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. प्रयोगशाळांना लागणाऱ्या काचेच्या नळ्या आणि भांडी आम्ही फुंकून बनवतो. अख्ख्या शहरात असे चार कारखाने आहेत आणि कारागीर मोजून तीस. या धंद्यात जागेची जाहिरात कधी निघत नाही. जाणारा कारागीर एक दिवस ठरवतो, आपला जांभळा चष्मा मालकाच्या टेबलावर ठेवतो आणि एक नाव सांगतो. ते नाव म्हणजे त्याचा शब्द, आणि त्याच्या जागी तोच माणूस बसतो. अट एकच: चष्मा टेबलावर पडेपर्यंत बाहेर कुणाला वास लागता कामा नये. पूर्वी लोक एकच जागा चार जणांना दाखवून चौघांकडून पाहुणचार उकळायचे. तेव्हापासून नियम झाला, की जाणाऱ्याकडून बातमी आधी फुटली तर शब्द बाद.

आणि मिस्त्रींचा शब्द कुणासाठी होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी नऊ वर्षं घरच्या छोट्या बर्नरवर हात बसवत होती. या धंद्यात शब्द भावाकडून मेहुण्याला आणि मामाकडून भाच्याला जातो. मुलीसाठी शब्द टाकणारं वडिलांशिवाय कुणी नव्हतं. हा शब्द गेला की तिचं दार बंद.

दुपारी मालकीणबाईंनी मला बोलावलं. यजमानांच्या माघारी बारा वर्षं कारखाना त्याच चालवतात.

"मिस्त्रींनी जागा बाजारात मांडली असं आजच चौघं बोलले," त्या म्हणाल्या. "माझा विश्वास नाही. पण माझ्या विश्वासावर नियम मोडता येत नाही. शनिवारपर्यंत शोधा, तोंड कुणी उघडलं. मिस्त्री निर्दोष असतील तर त्यांचा शब्द उभा. नाही तर येईल त्याची परीक्षा घेऊन जागा देईन."

"मी शोधू?"

"तुमच्या नजरेतून टाचणी सुटत नाही, असं तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना?"

छाती फुगली माझी. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

२

मी या कारखान्याचा स्टोअरकीपर. नळ्या, हातमोजे, चष्मे, बर्नरची तोंडं, जे लागेल ते माझ्या जाळीच्या खिडकीतून मिळतं, आणि जुनं परत केल्याशिवाय नवं मिळत नाही. लोक मला चिकट म्हणायचे. मी त्याला शिस्त म्हणायचो.

मी शिस्तीनेच सुरुवात केली. गेल्या दोन महिन्यांत बाहेरचं कोण आलं? गॅसच्या टाक्यांचा ड्रायव्हर, पण तो फाटकाच्या आत येत नाही. चष्म्यांचा एजंट, पण तोही तीन आठवड्यांपूर्वी वर्षाचं पार्सल फाटकात देऊन गेला. ते पार्सल उघडलं तेव्हा पॅकिंगच्या खोलीत फक्त आम्ही घरचेच. शाळेत बक्षिसं वाटतात तसे मी नावं पुकारून चष्मे वाटले होते. आमचा कारागीर घाई पुढे घुसला होता, मिस्त्री सगळ्यांच्या मागे रुमाल हातात घेऊन उभे होते, आणि शेवटचा डबा दिल्यावर मी नेहमीसारखी सुतळी गुंडाळून ठेवली होती. परका माणूस एकही नव्हता.

म्हणजे चोर घरातलाच.

पहिला संशय घाईवर. याचं खरं नाव कुणी घेत नाही. जेवतानासुद्धा उभाच असतो म्हणून घाई. मिस्त्रींच्या शेजारचं टेबल त्याचं. त्याचा एक मेहुणा वर्षभर घरी बसलेला होता, आणि माणसाला मेहुणा घरी बसलेला असला की काय काय सुचतं ते मी जाणून आहे.

मंगळवारी मी त्याला खिडकीशी गाठलं. "मिस्त्रींना कमी दिसतं हे तुला कधीपासून माहीत होतं?"

तो दचकला. "कुणी सांगितलं कमी दिसतं म्हणून?"

"मला दिसतं ना. नळीचं तोंड अंगठ्याने चाचपून बघतात. सहा महिने बघतोय."

"सहा महिने?" त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. "मग बोलला नाहीत कधी?"

"प्रश्न मी विचारतोय. तुझा मेहुणा—"

"मेहुणा टायरच्या दुकानात लागला, दोन महिने झाले. आणि भाऊ, डोकं चालवा जरा. मला बातमी फोडायचीच असती तर मेहुण्याला दिली असती. परक्याला देऊन मला काय मिळणार होतं?"

बोलणं सरळ होतं. तरी मी सोडलं नाही. "मग सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तू त्यांच्या टेबलाशी काय करतोस? मी गेल्या आठवड्यात दोनदा पाहिलंय."

घाईचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "ज्योत लावून देतो. हवा आणि गॅस किती ते त्यांना रंगावरून कळायचं. आता कळत नाही. मी बरोबर लावून ठेवतो, ते आल्यावर म्हणतात, 'आज बर्नर शहाणा दिसतोय.' मीही म्हणतो, हो, शहाणा दिसतोय."

जन्मात पाच मिनिटं लवकर न आलेला घाई, या कामासाठी पाऊण तास आधी येत होता. मी त्याचं नाव खोडलं. पण जाताना तो जे म्हणाला त्याने माझी झोप गेली.

"मला सोडा, भाऊ. रोज संध्याकाळी पॅकिंगच्या ताई पिशवीतून काय बाहेर नेतात, ते विचारा."

३

ताई एकोणीस वर्षं आमच्याकडे भांडी भुशात घालून खोक्यात भरतात. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक पेला फुटला, तोही भूकंपाचा धक्का बसला म्हणून.

बुधवारी संध्याकाळी सुटताना मी फाटकात उभा राहिलो. "ताई, पिशवी बघू."

"अहो भाऊ, बायकांच्या पिशवीत डबा नि छत्री. त्यात काय बघायचं?"

"डबा लांबट दिसतोय."

त्यांनी ओठ आवळले, मला आडोशाला नेलं आणि पिशवी उघडली. फडक्यात गुंडाळलेल्या आठ मोजनळ्या होत्या. त्यांवर मेणाचा थर होता, पण रेषा नव्हत्या. मेणावर सुईने बारीक रेषा ओढायच्या, मग आम्लात बुडवलं की त्या काचेत उमटतात. एका नळीवर शंभर रेषा. आमच्याकडे त्या फक्त मिस्त्री ओढत.

"चोरी?" मी म्हणालो. मला स्वतःलाच ते खरं वाटेना.

"चोरी काय मेली! मिस्त्रींच्या घरी नेते. पोरगी ओढते रेषा. सकाळी परत आणते. दीड महिना झाला." ताईंचा आवाज चढला. "त्यांना रेष दिसत नाही आता. फुंकायचं काम हाताने होतं, त्यात ते अजून सगळ्यांचे बाप आहेत. रेषांचं तेवढं आम्ही निभावतोय. नवं वर्ष लागलं की स्वतः चष्मा ठेवणार होते बाईंपुढे. तेवढे दिवस काढायचे होते. काढू दिले नाहीत कुणी."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला, घाईला, पोरीला."

"मग तुमच्यातल्याच कुणीतरी—"

"भाऊ," ताई म्हणाल्या, "ज्याने झाकलं तोच उघडेल का? ज्याने झाकायला मदत केली नाही, पण ज्याला माहीत होतं, असा माणूस शोधा. तोच."

एवढं बोलून त्या बसथांब्याकडे गेल्या. मी फाटकाला कुलूप लावलं. ज्याला माहीत होतं पण ज्याने मदत केली नाही, असा माणूस कोण असेल, याचा मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो. खरंच करत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण पोराटोरांना येते, मला बुधवारी ती आठवली नाही.

४

गुरुवारी मी मिस्त्रींच्या मुलीला भेटलो. ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"बाबा झोपलेत," ती म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते. "काका, तुम्ही चौकशी करताय ना? मग लिहून घ्या. मी कुणाला सांगितलेलं नाही. माझं नुकसान मीच कशाला करू? आणि बाबांनी जागा विकायला काढली असं जो म्हणतो त्याला माझ्यासमोर आणा."

"मी तसं म्हणत नाही."

"तुम्ही काहीच म्हणत नाही, काका. कधीच." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "चार दिवस जेवले नाहीत धड. त्यांना जागा गेल्याचं दुःख नाही. आपण लबाड ठरलो याची लाज वाटतेय त्यांना."

लबाडी न करणारा माणूस लाजेने अंथरुणाला खिळला होता, आणि तोंड उघडणारा मजेत हिंडत होता. त्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचं, असं मी मनाशी ठरवलं.

शुक्रवारी सकाळी काहीच हाती नव्हतं. मी अर्ज घेऊन ताईंकडे गेलो. "तुमची नजर बारीक आहे. यात काही दिसतं का बघा."

ताईंनी हात पुसून कागद घेतला. ओठ हलवत वाचला. मग विचारलं, "पाच नंबरचं टेबल म्हणजे कुठलं हो, भाऊ?"

मी हसलो. "एकोणीस वर्षं झाली आणि पाच नंबर माहीत नाही? मिस्त्रींचं."

"ते होय! आम्ही खिडकीचं टेबल म्हणतो. घाई, टेबलांना नंबर आहेत का रे?"

"असतील," घाई लांबूनच ओरडला. "माझा कुठला?"

माझं हसू ओठांवरच राहिलं.

टेबलांना नंबर होते. यजमान असताना पायांवर रंगाने घातले होते, ते कधीच पुसून गेले. कारागीर म्हणतात खिडकीचं, दाराजवळचं, घाईचं. ज्याने अर्जवाल्याला बातमी दिली तो मात्र त्या टेबलाला पाच म्हणत होता. आणि या इमारतीत टेबलांना नंबरने ओळखणारा माणूस एकच होता. जाळीच्या खिडकीमागे बसणारा.

पण मी तर कुणाला काही बोललो नव्हतो! आईशप्पथ नव्हतो. मी स्टोअरमध्ये गेलो, दार लावून घेतलं आणि नंबर कुठे लिहिले जातात ते शोधू लागलो. फार शोधावं लागलं नाही. दर वर्षी चष्म्यांची यादी मी एजंटला देतो. भट्टीच्या धगीने आणि काचेच्या कणांनी चष्म्यावर चरे पडतात, म्हणून प्रत्येकाला वर्षाला एक नवा. नावं कशाला बाहेर द्या, म्हणून यादीत टेबलाचा नंबर आणि पुढे काचेचा नंबर. पाचच्या पुढे नेहमी सगळ्यात जाड काच.

मी यावर्षीच्या यादीची प्रत काढली. माझं टपोरं, नेटकं अक्षर. एक, दोन, तीन, चार, सहा.

५

एजंटचं दुकान म्हणजे खोक्यांच्या भिंती आणि मधे एक खुर्ची. तो मला बघून खूश झाला.

"या या! बसायला जागा नाही, पण या."

"तो अर्ज घेऊन आलेला माणूस तुमचा कोण?"

"भाचा. बोलला की काय नाव?"

"नाही बोलला. तुम्हाला कुणी सांगितलं, मिस्त्री जाणार म्हणून?"

"अहो, तुम्हीच!" तो मोकळेपणाने हसला. "यादीत पाच नंबर नव्हता ना. मला वाटलं विसरलात. मग म्हटलं, हा माणूस आणि विसरेल? ज्या टेबलाचा चष्मा थांबला त्या टेबलाचा माणूस थांबला. आणि ज्या कारखान्यातून एक चष्मा जास्तीचा मागवला, तिथे आत कुणीतरी आधीच ठरलेलं. पंधरा वर्षं मी असंच बघतोय. दहा-बारा जणांना चिकटवलं. जाहिरातीची वाट बघत बसला तो बसलाच, साहेब. जागा कागदावर येण्याआधी कुठेतरी कमी-जास्त होते. ते दिसायला हवं."

त्याने कुणाचंही वाईट चिंतलं नव्हतं. बेकार भाच्यासाठी त्याने डोळे उघडे ठेवले, एवढंच.

परत येताना मी बस पकडली नाही. दोन महिन्यांपूर्वीची ती दुपार मला स्वच्छ आठवली. यादी करताना पाचवर पेन थांबलं होतं. जाड काच खास बनवून घ्यावी लागते, परत करता येत नाही, दुसऱ्या कुणाला चालत नाही. म्हातारा काही वर्ष काढत नाही, मग एक चष्मा वाया कशाला? मला त्या वेळी वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट आपण किती पुढचं बघतो याचं कौतुकच वाटलं. घाईला दिसलं तेव्हा तो पाऊण तास लवकर येऊ लागला. ताईंना दिसलं तेव्हा त्यांनी पिशवी आणली. त्या दोघांच्या आधी मला दिसलं होतं, आणि मी एक ओळ कमी लिहिली.

शनिवारी सकाळी मालकीणबाईंच्या खोलीत घाई होता, ताई होत्या, मिस्त्रींची मुलगी होती. खरं सांगतो, जिना चढेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच वाक्य तयार होतं. 'एजंटने चोरून माहिती काढली.' ते अर्धं खरंही होतं, आणि त्याने मिस्त्री सुटले असते. मीही सुटलो असतो. मग मुलीकडे लक्ष गेलं. रेषा ओढून तिचे डोळे लाल झाले होते. सगळं गेलं असं समजूनही काल रात्रीच्या आठ नळ्या तिने पुऱ्या करून आणल्या होत्या.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

यादीची प्रत टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. नंबर, चष्मा, भाचा. सांगताना एकदाही मान वर झाली नाही. घाई "अरे देवा" म्हणाला. ताई मुलीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी यादी नीट वाचली. "म्हणजे मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचा शब्द उभा." मग मुलीकडे वळल्या. "आणि दीड महिना रेषा कुणाच्या हातच्या येतायत, ते मला कळत नाही असं वाटलं होय तुम्हाला? मिस्त्रींची दहावी रेष जरा लांब असते. तुझी नसते."

म्हणजे बाईंनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि सगळ्यांनी आपापल्या परीने हात लावला होता.

"बाई, माझा राजीनामा," मी म्हणालो.

"तो नको. राजीनामा देऊन तोंड लपवायला मिळतं." त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "पुढच्या वर्षीपासून यादी खिडकीत बसून करायची नाही. प्रत्येक टेबलाशी जायचं, समोर उभं राहून विचारायचं, काय हवं, कसं चाललंय. आणि आज मिस्त्रींना तुम्ही सांगायचं. तिने नाही."

६

मिस्त्री खाटेवर उशीला टेकून बसले होते. कोपऱ्यातल्या फळीवर मुलीचा छोटा बर्नर होता. मी स्टुलावर बसलो आणि यादीचं सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू माझा चष्मा मागवला नाहीस ते. पार्सल उघडलंस त्या दिवशीच कळलं." त्यांचा आवाज शांत होता. "तुझा नियम आहे ना, जुना द्या, नवा घ्या. मी जुना पुसून, रुमालात गुंडाळून घेऊन आलो होतो. मागे उभा राहिलो. तू एकेकाचं नाव घेत होतास. वाटलं, म्हातारा म्हणून शेवटी घेईल माझं. मग तू सुतळी गुंडाळायला लागलास."

मला ती सुतळी आठवली. तो रुमालही आठवला. चार दिवस मी सगळ्या कारखान्याची उलटतपासणी केली, आणि तो रुमाल माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता.

"मग सोमवारी तो माणूस आला तेव्हा तुम्हाला समजलं असणार, बातमी कुठून गेली ते."

"अंदाज आला."

"तुम्ही बोलला का नाहीत? लोक तुम्हाला लबाड म्हणत होते, मिस्त्री! पोरीची जागा जात होती. एक शब्द बोलला असतात तर—"

"सगळ्यांसमोर?" मिस्त्री म्हणाले. "त्यात तूच तो अर्ज मोठ्याने वाचून दाखवलेला. अरे, तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आज ना उद्या तूच सांगशील, एवढं वाटत होतं. शनिवार गाठलास म्हणा."

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, परक्याच्या स्टुलावर बसून, नाक ओढत. मिस्त्रींना ते नीट दिसलं नसावं अशी मी अजून आशा करतो.

"आणि तुझा हिशेब काही चुकला नव्हता," ते वर म्हणाले. "दिसत नव्हतंच मला." हे वाक्य त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

सोमवारी सकाळी ते आले. घाईने ज्योत लावून ठेवली होती, तिच्याजवळ क्षणभर थांबले. मग बाईंच्या खोलीत जाऊन चरे पडलेला जांभळा चष्मा टेबलावर ठेवला आणि मुलीचं नाव सांगितलं. सगळे दारात दाटीवाटीने उभे होते. एजंटच्या भाच्याला त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कारखान्यात जागा मिळाली, तिथल्या यादीत एक चष्मा कमी होता म्हणे.

मी माझ्या खिडकीत बसलो होतो. थोड्या वेळाने जाळीवर टकटक झाली. मिस्त्री उभे होते, मागे मुलगी. त्यांनी रुमाल सोडला आणि बाईंकडून परत घेतलेला तोच चष्मा आत सरकवला.

"जुना घे," ते म्हणाले. "नवा दे. हिच्यासाठी."

मी चष्मा जमा करून घेतला. मग दार उघडून बाहेर आलो आणि तिला विचारलं, काच कोणत्या नंबरची हवी, कानामागे रुततो का, अजून काही लागेल का. ती एकेक सांगत गेली आणि मी तिच्यासमोर उभा राहून ते लिहून घेतलं.